चाक काय म्हणतंय?

माझ्या मेव्हण्याच्या सासऱ्यांइतका चाकांचा शब्द मानणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि माणसांचा शब्द इतक्या सहज धुडकावून लावणाराही. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात त्यांनी उभं आयुष्य चाकं काढण्यात आणि बसवण्यात घालवलं. निवृत्तीला सत्कार झाला तेव्हा गळ्यात हार आणि हातात नारळ असताना हे व्यासपीठावरून उतरले ते थेट साहेबांच्या गाडीपाशी. पान्याने चारही चाकं ठोकली, प्रत्येकाला कान लावला आणि मग कुठे श्रीफळ पिशवीत टाकलं. स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघायला आले तेव्हा माझ्या मेव्हण्याचा पगार, शिक्षण, शेती यांपैकी एकही गोष्ट विचारली नाही. बाहेर जाऊन त्याच्या मोटरसायकलीपाशी उकिडवे बसले आणि आत येऊन म्हणाले, "टायर दोन्हीकडनं सारखं झिजलंय. पोरगा वळताना घाई करत न्हाई. आपल्याला पसंत हाय." नव्या गाडीच्या चाकाखाली लोक लिंबं ठेवतात त्याचा त्यांना भारी राग. "लिंबू काय चिरडायलाय, हवा बघा आदी," असं ते पुजाऱ्यालाच सुनावत. मेव्हण्याचे सासरे म्हणजे माझं नातं तसं दूरचं, पण मी त्यांना मामा म्हणे आणि ते मला कायम पाव्हनं. मी प्राथमिक शाळेतला गुरुजी. मला चाकाबद्दल ते गोल असतं यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि हे अज्ञान मी त्यांच्यापासून लपवूनही ठेवत नसे.

हसण्यावारी नेता येत होतं तोवर आम्ही सगळेच हसलो. मग माझ्या पुतण्याच्या लग्नात एक प्रकार घडला. वऱ्हाडाचा टेम्पो मांडवाबाहेर उभा होता. मामांनी जाता जाता त्याच्या मागच्या चाकावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. "ह्यात बसू नगा कुनी," म्हणाले. "रडतंय हे." वऱ्हाडातली पोरं खिदळली. मामा एकटेच न जेवता टेम्पोपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसले आणि कुणाला जवळ फिरकू देईनात. भर दुपारची वेळ, पंगत भाताला आलेली, टेम्पोच्या आसपास चिटपाखरू नाही, आणि ते टायर जागच्या जागी फुटलं. त्या आवाजानंतर सनईवाल्याने पुन्हा सनई तोंडाला लावली नाही. मामा उठले, हात धुतले आणि म्हणाले, "वाढा आता." त्यानंतर आमच्यात त्यांच्या या खोडीला कुणी मोठ्याने हसलं नाही.

आता आमच्या खेकड्याविषयी सांगायला हवं. माझी मुलगी सई जनावरांची डॉक्टर. आमचं गाव हिवरे बाजारच्या पुढे, डोंगराला टेकलेलं, आणि तिची निम्मी गुरं डोंगरावरच्या वस्त्यांवर. तिथे रस्ता नावाची वस्तू पोचलेली नाही. म्हणून तिने बंद पडलेल्या एका रिसॉर्टची जुनी डोंगरगाडी घेतली. शेजारीशेजारी दोन सीटा, दारं नाहीत, काच नाही, वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि खाली चार गलेलठ्ठ चाकं. ती दगडांवरून तिरकी तिरकी चढताना पाहून गावाने तिचं नाव खेकडा ठेवलं. वर्षभरात खेकड्याच्या टायरांना भेगा पडल्या, दोन रिमा चेपल्या. वरच्या वाटेवर एके ठिकाणी तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला शंभर हात खोल ओढा आणि मध्ये गाडीपुरतीच वाट. सई तिथून रोज जायची आणि तिची आई रोज त्या वेळेला देवापाशी बसायची. चाकं बदलणं आलं, म्हणजे मामा आले.

मी इंटरनेटवर बघून मोठमोठी, राक्षसी दातांची टायरं आणि चमचमत्या अलॉयच्या रिमा पसंत करून ठेवल्या होत्या. मामांनी फोटो बघितले आणि मोबाईल परत दिला. "पाव्हनं, ही चिखलाची टायरं. तुमच्याकडं चिखल हाय का? दगूड हाय. दात मोठं आसलं की दगडावर नाचतंय. बाजू जाड बघा, दगूड बाजूनं कापतो. मापानं मोठं घेतलं तर चाक आत घासंल आन् इंजनाला वढ बसंल. आन् रिम लोखंडाचीच." मी विचारलं, अलॉय हलकं असतं ना? तेव्हा ते जे बोलले ते मला अजून मधूनच आठवतं. "लोखांड वाकतं, सांगून जातं. अलॉय तडाकतं. न सांगता जातं."

असली चाकं मागवायची तर महिना लागणार होता, म्हणून आम्ही दोघं नगरला जुन्या मालाच्या एका आवारात गेलो. दुपारचे बारा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. आवारात टायरांचे माणसापेक्षा उंच ढीग होते आणि त्यांच्या मधल्या बोळांत शिरलं की रस्त्यावरची वाहतूक ऐकूच येईनाशी व्हायची. मालकाने ताडपत्री दूर केली. खाली अगदी खेकड्याच्याच मापाची चार चाकं, रिमा अलॉयच्या आणि टायरांवरचे रबराचे नवे केससुद्धा झिजलेले नाहीत. मी मनातल्या मनात उडी मारली. मामांनी विचारलं, "गाडी कुटंय ह्यांची?"

"गाडी न्हाई. चाकंच आली," मालक म्हणाला.

"चाकंच चालत आली व्हय?" मी विनोद केला. मालक हसला नाही. मामांनी पान्याने एकेक चाक ठोकलं. तिन्हींचा ठणठणीत आवाज आला. चौथं ठोकलं, मला तोच आवाज आला, पण मामा कान लावून इतका वेळ बसले की त्यांच्या मानेवरून घाम ओघळून टायरवर पडला. मग त्यांनी ताडपत्री स्वतःच्या हाताने पुन्हा नीट पांघरली, आजारी माणसाला पांघरावी तशी, आणि बाहेर पडले. एसटीत मी खोदून खोदून विचारलं. "बोलतंय ते," एवढंच म्हणाले.

आता माझी चूक. मी गुरुजी, म्हणजे शहाणपणा शिकवणारा, त्यामुळे स्वतःजवळ फारसा शिल्लक राहत नाही. आठवड्याने मी टेम्पो घेऊन गेलो आणि तीच चार चाकं मामांना न कळवता घेऊन आलो. सई बाहेरगावी होती, ती आली की बसवू म्हणून शेळ्यांच्या गोठ्यात एकावर एक रचली. त्या दिवसापासून शेळ्या गोठ्यात जाईनात. ओढून नेल्या तर दारातच पाय रोवून ओरडायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तीन चाकं ढिगात आणि चौथं दाराशी उभं. म्हटलं, कुत्र्याने पाडलं असेल. उचलून परत ठेवलं, वर दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात होतं, खेकड्याला टेकून, सई बसते त्या बाजूच्या पुढच्या चाकाशी. आमचा गोठा उताराला आहे, अंगण वरच्या अंगाला. म्हणजे चाक चढावर गेलं होतं. बायकोने आदल्याच दिवशी अंगण सारवलं होतं. त्या ओल्या सारवणात चाकाची एकच सरळ रेघ उठली होती आणि तिच्या शेजारी पाऊल नव्हतं, ना माणसाचं, ना कुत्र्याचं. मी भ्यालो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बायकोने तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मामांना फोन लावला.

मामा आणि सई योगायोगाने एकाच एसटीतून उतरले. वरच्या वस्तीवर एक गाय अडली होती, सईला लगेच निघायचं होतं. "बाबा, चाकं आणलीत ना? मग बसवू की पटकन," ती म्हणाली. मामांनी पिशवी खाली ठेवली, चौथ्या चाकापाशी बसले आणि त्याच्यावर तळहात ठेवला. बोलले ते चाकाशी की आमच्याशी, मला सांगता येणार नाही. "माजा धाकला भाऊ काष्टीच्या बाजाराला निगाल्ता, बैल घ्याया. जीपला हात लावला तवा मला आयकू आलं हुतं. समदी घाईत हुती. म्हनलं, लोक हसतील. गप बसलो." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पुढचं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, फक्त हे माहीत नव्हतं की त्यांना आधी ऐकू आलं होतं. मग त्यांनी पहार मागितली आणि टायर रिमेवरून सोडवलं. रिमेच्या आतल्या अंगाला, नटांच्या भोकांना वळसा घालून, केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यावर कुणीतरी चंदेरी रंग मारला होता. त्या ओढ्याच्या वाटेवर ती किती वेळ टिकली असती, कोण जाणे. सईने त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि औषधांची पिशवी खांद्याला लावली. मी मान वर केली नाही.

सई त्या दिवशी पायी वर गेली. गाय सुटली, वासरूही वाचलं. महिन्याने जाड बाजूंची टायरं आणि लोखंडी रिमा आल्या. मामांनी त्या बसवण्याआधी दिवसभर माळावर नुसत्या पसरून ठेवल्या, "ओळख व्हू द्या" म्हणून. अलॉयची तीन चाकं भंगारात गेली. चौथं मी फेकून देणार होतो, पण मामांनी हात धरला. "ते वाईट न्हाई, पाव्हनं. पोरीच्या वाटंत आडवं पडाया आलंतं. ऱ्हाऊ द्या." म्हणून ते गोठ्याच्या कोपऱ्यात आहे. शेळ्या आता त्याला टेकून बसतात. त्याच्यावर ठेवलेला दगड अधूनमधून सकाळी खाली दिसतो. मी तो मुकाट्याने वर ठेवतो, आणि त्या दिवशी सईला निघायला जरा उशीर करतो.

मामा आता थकले आहेत. परवा आले तेव्हा सई खेकड्यात बसून निघायच्या तयारीत होती. त्यांनी नेहमीप्रमाणे चाक ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हनं, तुमी आयका. मला आता कायबी आयकू येत न्हाई." इतकी वर्षं मी या माणसाची गंमत सांगत फिरलो होतो. मी गुडघे टेकले, गार रबराला कान लावला. त्यांनी ठोकलं. मला नुसता ठण असा आवाज आला, चांगला का वाईट ते कळेना. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि सई घड्याळाकडे. नीट आहे म्हणून टाकणं सोपं होतं.

"मामा," मी ओरडून सांगितलं, "परत एकदा ठोका."

सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "आसंच," ते म्हणाले, आणि त्यांनी पान्याने पुन्हा ठोकलं.