नकाशातलं पहिलं घर

गयामावशी आज सकाळी गेल्या.

त्यांचं घर पाडलं गेलं, त्यात माझा हात होता. आज तरी हे लिहू द्या.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. छावणीच्या मागं, नाल्याच्या कडेला एक वस्ती होती. मावशी तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सकाळी शहागंजच्या बाजारात भाजी विकायच्या, दुपारी अर्ज घेऊन पालिकेच्या ऑफिसच्या चकरा मारायच्या.

मागणी एकच. वस्तीत नळ द्या.

उत्तरही एकच. "तुमची वस्ती आमच्या रेकॉर्डवर नाही."

आमच्या सरांना त्यात प्रोजेक्ट दिसला. विद्यार्थी आणि मंडळ मिळून घरोघरी सर्व्हे करायचा, नकाशा काढायचा, वस्ती रेकॉर्डवर आणायची.

मला वाटलं, आपण शिकतोय ते याच्यासाठीच.

लोक नाव सांगायला तयार नव्हते. मावशींच्या शेजारच्या सुमनताईंनी तर आम्हाला बघून दारच लावून घेतलं.

मावशी बाहेरून ओरडल्या, "अगं सुमन, लेकरं शिकून आपल्या दारात आलीत, अन् तू दार लावती व्हय?"

मग माझ्याकडं वळून, "लिव्ह. पहिलं माझंच लिव्ह."

घर नंबर एक.

घाईत त्यांच्या नवऱ्याचं नाव मी चुकवलं. भिकाजीचं भिवाजी झालं. नंतर दुरुस्त करू म्हटलं, ते राहूनच गेलं.

नकाशा ऑफिसात दिला त्या दिवशी भरपूर फोटो काढले. मावशी ठेवणीतली निळी साडी नेसून आल्या होत्या. सुमनताईसुद्धा आल्या होत्या.

काही महिन्यांनी नळ नाही, नोटिसा आल्या. अतिक्रमणाच्या.

घरांचे नंबर आमचे. नावांचा क्रम आमचा. आणि पहिल्या नोटिशीवर, गयाबाई भिवाजी.

ती नोटीस मी मावशींकडून मागून घेतली.

तशीच सरांकडं गेले. लॅपटॉपवरून मान वर न करता ते म्हणाले, "आपण डेटा दिला. तो कुणी कसा वापरायचा, हे आपल्या हातात नसतं. तू वायव्हाची तयारी कर."

मी केली. फर्स्ट क्लास मिळाला.

मंडळाच्या बायका ऑफिससमोर धरणं धरून बसल्या. आम्ही दोन दिवस त्यांच्यासोबत बसलो. मग परीक्षा लागल्या.

जेसीबी आला तेव्हा मी गेले होते. मावशी भांडी बाहेर काढत होत्या. बाबासाहेबांचा फोटो त्यांनी गोधडीत गुंडाळून कडेला ठेवला होता.

सुमनताईंनी मला पाहिलं.

"हीच ती! हिनंच लिव्हून नेली आपली नावं!"

चार-पाच बायका अंगावर आल्या. मावशी हातातली परात टाकून मध्ये उभ्या राहिल्या.

"तिला हात लावायचा नाय. तिला घरोघरी मी फिरवलं. बोलायचं तर मला बोला."

आणि लोक त्यांनाच बोलले. त्या दिवशी, आणि पुढं कायम.

मी तिथंच उभी होते.

वस्ती पांगली. मंडळ संपलं. मावशींना शहराच्या पार टोकाला एक खोली मिळाली. तिथून पहाटे मंडीत माल उचलून शहागंज गाठणं जमेना. भाजीचा धंदा बंद पडला.

मी अधूनमधून जायचे. चहा करायच्या. मंडळातल्या कुणाचं काय चाललंय ते मलाच विचारायच्या, कारण त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

एकदा मी माफी मागितली.

म्हणाल्या, "माफीनं काय व्हतंय पोरी? पुढच्या लेकरांना तेवढं सांग. नाव लिव्हायच्या आधी सांगत जा म्हणावं, कागद कुणाच्या हातात जाणार हाय."

मी आता कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. विद्यार्थ्यांच्या सर्व्हेच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर खाली संमतीची ओळ आहे ना?"

सर्व्हे झाला. नावं लिहिली गेली. कागद कुठं गेले, मला माहीत नाही.

आज मावशींच्या मातीला आम्ही मोजकेच होतो. त्रिसरण, पंचशील झालं. जुन्या वस्तीतलं एकही माणूस नव्हतं.

सकाळी मी सुमनताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "तिच्या शब्दावर आम्ही नावं दिली. माझं घर गेलं. मी नाय येणार."

मी म्हणाले, "ताई, चूक त्यांची नव्हती, आमची..."

फोन कट झाला होता.

मावशी, हे वाक्य मी त्या दिवशी जेसीबीसमोर, सगळ्या बायकांदेखत बोलायला हवं होतं. तुम्ही जिवंत होता तोवर ते बोलायला रोज एक नवा दिवस होता माझ्याकडं.

नाही बोलले.

अखेरचा जय भीम, मावशी.