अजून स्वल्प ओलं आहे

अण्णा आधी हात धुवायचे. कोपरापर्यंत, साबण लावून, डॉक्टर धुतात तसे. मग बाल्कनीच्या दाराशी बसायचा वेताचा मोडा ओढून बसायचे, उजव्या डोळ्यात सोनाराचं छोटं भिंग अडकवायचे आणि माझ्या नातीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवायचे. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. मग भिंग काढून, जणू काही चूक माझीच आहे अशा आवाजात सांगायचे, "अजून स्वल्प ओलं आहे, अक्का."

स्वल्प, म्हणजे थोडंसंच. पण ते थोडंसं काही केल्या सुकेना.

अण्णा आमच्या जयनगरच्या इमारतीत तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या खोलीत एकटे राहत. मी दुसऱ्या मजल्यावर. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागावले की दोन्ही. मी निपाणीची, नोकरीसाठी बंगळूरला आले ती इथलीच झाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असूनही पहिल्या दिवसापासून ते मला अक्का म्हणत. एका सराफाच्या दुकानात मागच्या बाजूला बसून त्यांनी चाळीस वर्षं कारागिरी केली होती. नजर कमी झाली तसं काम सुटलं. बायको आधीच गेली होती. मुलगा होसकोट्याला कारखान्यात होता आणि तिथंच राहायचा. सणाला यायचा, जेवून जायचा.

आणि मी कोण, तर यादीवाली बाई. तुमच्याही माहितीत अशी एखादी असेल. ऑफिसात माझं काम लोकांच्या मागे लागून कामं संपवून घेण्याचं, आणि घरी फ्रिजवर कायम एक कागद चिकटवलेला. काम झालं की बरोबरची खूण. नवरा गेल्यावर मला या कागदांनीच उभं ठेवलं, असं माझी मुलगी सायली म्हणते. ती हे कौतुकानं म्हणते की कसं, ते मी विचारलेलं नाही.

सायली बाळंतपणासाठी माझ्याकडे आली, ओवी झाली, आणि यादीत "कान टोचणे" हे कलम आलं. ते दोन महिने तसंच राहिलं.

"आई, कान तिचे आहेत. मोठी झाली की ती ठरवेल."

"मोठी झाल्यावर तुझ्यासारखी सोनाराच्या दुकानातून पळत सुटेल. तुला पकडायला अर्धा बाजार धावला होता."

"म्हणूनच म्हणतेय ना! मला अजून आठवतंय ते."

"तिला आठवणार नाही. म्हणून आत्ताच."

जावयांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा," आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरले. शेवटी बाळाच्या डॉक्टरांनी सोडवलं. तिसरी लस होऊ द्या, तार उकळून घ्या, हात स्वच्छ ठेवा, मग काही हरकत नाही. सायली कबूल झाली, पण मॉलमधल्या त्या कान टोचायच्या बंदुकीनं नाही म्हणाली. तेव्हा मला अण्णा आठवले.

अण्णा मात्र नको म्हणाले. "मी सोडलं ते, अक्का. चाळीस वर्षं पोरं रडवली. बस झालं की."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते गंभीर होते. "टोचलं की लोक पोराला छातीशी धरून पळतात. बारा दिवसांनी आणून दाखवा म्हणून सांगायचो प्रत्येकाला. कोण येतंय? रस्त्यात दिसलं तर पोर आपलं तोंड बघून भोकाड पसरतंय. बरा झालेला कान मी कधी बघितलाच नाही."

मला विषय संपवायचा होता. मी म्हटलं, "मग हा बघा ना. रोज बघा. दोन जिने तर चढायचे."

त्यांनी कपाटातून भिंगाची डबी काढली. मग म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक आहे.

ठरल्या दिवशी मी सोन्याची तार कुकरमध्ये घालून ठेवली होती. "तीन शिट्ट्या केल्यात," मी सांगितलं.

"भात लावलाय काय, अक्का?"

पेनानं त्यांनी दोन्ही पाळ्यांवर ठिपके दिले. मग उठून समोरच्या भिंतीपर्यंत गेले, लांबून बघितलं, परत येऊन डावा ठिपका पुसला. असं चार वेळा केलं. "कुणाचे दोन कान सारखे नसतात. पण बघणाऱ्याला सारखे दिसायला पाहिजेत," म्हणाले. सायली बाथरूममध्ये नळ सोडून उभी होती. ओवी माझ्या मांडीवर होती. दोनदा तार गेली, दोनदा किंकाळी आली, तारेची टोकं वळवून झाली. मी वर पाहिलं तर अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून माझा तक्ता सुरू झाला. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लाली, सूज, पाणी, शेरा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ, स्वच्छ कापूस, अंगडं डोक्यावरून काढताना तारेत अडकणार नाही अशी पुढून बटणांचीच झबली. अण्णांना हळद आणि खोबरेल तेल लावायचं होतं. मी ठाम नाही म्हटलं. ते "सरी" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली खिशातून घेऊन आले. "लावत नाही हो. नुसता वास घेऊ दे तिला."

सकाळी दहाला यायचे. निवृत्त माणूस, पण दहा म्हणजे दहा. तेव्हा मी नातीसाठी निम्मा दिवस घरूनच काम करत होते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं. ओवी त्यांना बघितलं की रडायची. चेहरा तर सोडाच, जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की ओठ काढायची. "आला बघ पुट्टी, राक्षस आला," ते दारातूनच म्हणायचे. लहान पोरीला इथं लाडानं पुट्टी म्हणतात. मग एक दिवस ते आवाज न करता दारात उभे राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की चपला त्यांनी पहिल्या मजल्यावरच काढून ठेवल्या होत्या. पुढं रोज तसंच. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला एकदा विचारलंसुद्धा, आमच्या दारात कुणाच्या चपला असतात हो?

पाचव्या आठवड्यात ओवी रडली नाही. अण्णा वाकले तशी तिनं त्यांच्या डोळ्यातलं भिंग ओढून काढलं आणि खदखदून हसली. अण्णा तसेच वाकलेले राहिले. भिंग तिच्या मुठीत, ते तिच्या समोर. कितीतरी वेळानं त्यांनी पाळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "स्वल्प ओलं आहे."

सहावा आठवडा झाला, सातवा झाला, नववा लागला. माझ्या तक्त्यात लालीच्या रकान्यात नाही, सुजेच्या रकान्यात नाही, पाण्याच्या रकान्यात नाही. अण्णांचं मात्र ओलं ते ओलंच. सायलीची रजा संपत आली होती. शनिवारी ती आणि ओवी इंदिरानगरला आपल्या घरी जाणार होत्या. जाण्याआधी संपवायच्या कामांची यादी मी केली होती, तिच्यातलं एवढं एकच कलम अडकलं होतं. सायली घाबरली, ओवीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर हसले. हे तर कधीच बरं झालंय म्हणाले.

"आई, मग अण्णा रोज आपल्याला का घाबरवतात? मी तीन आठवडे नीट झोपले नाही!"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अण्णा आले, हात धुतले, मोडा ओढला, भिंग लावलं. "अजून स्वल्प..."

"अण्णा," मी तक्ता त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. एकवीस दिवस झाले, काही नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. ओलं असेल तर मला दाखवा कुठं आहे ते."

ऑफिसात लोकांना मी असंच विचारते. आवाजसुद्धा तोच.

अण्णांनी भिंग काढलं. तक्ता हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. "अक्षर छान आहे, अक्का," म्हणाले. मग कागद परत दिला, भिंग डबीत ठेवलं. "सरी. सुकलंय." ओवी त्यांच्याकडे हात पसरून होती. त्यांनी तिला हात लावला नाही. जाताना बेसिनपाशी थांबून त्यांनी पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत, आणि अनवाणी पायऱ्या उतरून गेले. पहिल्या मजल्यावर थांबले. तिथून पुढे चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

मी कलमापुढे खूण केली.

शनिवारी मुली गेल्या. दहा वाजता घरात काही वाजत नव्हतं. नव्या आठवड्याच्या यादीत मी लिहिलं, "अण्णांना चहाला बोलावणे." त्या आठवड्यात जमलं नाही, पुढच्या यादीत उतरवलं. मग पुढच्या. जिन्यात भेटायचे. "पुट्टी?" "छान." "कान?" "उत्तम." एवढंच. दुपारी त्यांच्या कुकरची शिट्टी मला ऐकू यायची. माझी त्यांना येत असेल. वाण्याकडचं सामान, गॅस, विजेचं बिल, सगळं दर आठवड्याला नव्यानं यायचं आणि संपायचं. ते एक कलम मात्र जसंच्या तसं एका कागदावरून दुसऱ्यावर जात राहिलं. तुमच्याकडेही असेल असं एखादं.

एका उन्हाळ्यात मी ऑफिसातून आले तर तळमजल्यावरच्या खोलीला कुलूप. मुलगा टेम्पो घेऊन आला होता, अण्णांना होसकोट्याला घेऊन गेला, वॉचमननं सांगितलं. पावसाळ्यानंतर त्यानंच सांगितलं की अण्णा गेले.

त्यानंतर जुने कागद आवरताना तो तक्ता हाताला लागला. फाडायच्या आधी वाचायची माझी सवय. पहिले चार आठवडे शेऱ्याच्या रकान्यात अण्णांचं म्हणणं माझ्याच अक्षरात होतं: ठीक. ठीक. सुकत आलंय. बरं होतंय. मग एक ओळ: "आज रडली नाही. अण्णांचं भिंग ओढलं, हसली." आणि त्याच ओळीपासून खाली, रोज: स्वल्प ओलं. स्वल्प ओलं. स्वल्प ओलं.

सगळं मीच लिहिलं होतं. रोज, तारखेसकट.

तक्ता मी फाडला नाही.

यंदा ओवी चार वर्षांची झाली. शाळेत तिच्या डाव्या कानातलं कुठंतरी पडलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि भोक बुजलं. या वेळी दवाखान्यात टोचून घेतलं. रोजचं मीठपाणी जावई करतात. सायलीला ते बघवत नाही, म्हणून दर रविवारी ती ओवीला तपासणीसाठी माझ्याकडे आणते. दोघी जेवतात, ओवी माझ्या कपाटातले कागद काढून त्यांवर माणसं काढते, संध्याकाळी जातात.

मागच्या रविवारी सहा आठवडे पूर्ण झाले. सायली पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. "झालं ना गं आई आता? म्हणजे पुढच्या रविवारपासून यायला नको. तिचा पोहण्याचा क्लास लावायचाय."

मी हात धुतले. बाल्कनीच्या दाराशी मोडा ओढला, ओवीला जवळ घेतलं आणि पाळी उजेडाकडे वळवली. छान कोरडी होती. कुठं लाली नाही, सूज नाही.

"अजून स्वल्प ओलं आहे," मी म्हटलं.