हार वेळेवर पोचला

आमच्याकडे मरणाची बातमी कोणी सरळ सांगत नाही. "तब्येत जराशी बिघडली हाय, घाबराचं काही नाही, पण येऊन जा," असा निरोप येतो आणि ऐकणारा तिथंच भिंतीला टेकून रडायला लागतो. निरोप देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. वाटेत माणसाची छाती फुटू नये, म्हणून त्याला दारापर्यंत आशेवर आणायचं, अशी ही रीत. लहानपणी मला ती फार मायेची वाटायची. आता तिचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत तर ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. बोंडात अळी, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाला कुलूप, आणि या ना त्या गावाहून असा एखादा निरोप. कोणाचा फोन आला आणि बोलणारा आवाज खाली आणून "घाबराचं काही नाही" म्हणाला, की आमच्या दिग्रसमधलं शेंबडं पोरही समजायचं. पुढं कोणी काही विचारत नसे. विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं बोलायला लावणं, आणि ते वाईट दिसतं.

त्याच वर्षांत घरोघरी मोठ्या पडद्याचे मोबाइल आले. आमच्या गल्लीत एक चाचा राहायचे, कापसाचे व्यापारी. त्याआधी बाजारात काय चाललंय, पाऊस कुठं पडला, कोणाच्या पोराचं कुठं जमलं, हे सगळं आम्हाला चाचांकडून कळायचं. बाबा तहसिलीत नोकरीला होते, कागदावर असेल तेवढंच खरं मानणारे. ते म्हणायचे, "व्यापाऱ्याचं बोलणं निम्मं घ्यावं अन् उरलेल्यातलं निम्मं सोडून द्यावं." मोबाइल आल्यावर बाबांना बळच मिळालं. चाचा ओट्यावर बसून काही सांगू लागले, की बाबा मला हाक मारायचे, "पाह्य वं जरा नेटवर." चाचांना राग यायचा. "मोबाइलनं कापूस पाह्यला काय? मी हातात घेऊन आलो," असं म्हणून ते उठून जायचे आणि संध्याकाळी चहाला परत यायचे.

माझ्या आईचं माहेर बोरी अरब. तिथं तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, राहायचा. उभं आयुष्य त्यानं दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये काढलं होतं. छातीत धूळ आणि कापूस इतका भरलेला, की हसला तरी खोकल्यानंच थांबायचा. जिनिंग बंद पडल्यावर घरी बसला आणि जास्तच खोकू लागला. आई त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आजी लवकर गेल्यामुळं आईनंच त्याला वाढवलेला, म्हणून तो तिला ताई न म्हणता 'बाई' म्हणायचा आणि तिच्याशिवाय कोणाचं ऐकायचा नाही. बोरीला जायचं म्हटलं की आई सांबारवडी करायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मामा दारातूनच वास घ्यायचा आणि मग आम्हाला "या" म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी बाबांना फोन आला. मामाच्या शेजारचा माणूस होता. "जावईबापू, त्याइची तब्येत जराशी बिघडली हाय. घाबराचं काही नाही. पण बाईले घेऊन या." बाबा "बरं, बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. फोन तिला न करता बाबांना केला, मामीनं न करता शेजाऱ्यानं केला, याचा अर्थ लावायला तिला वेळ लागला नाही. ती खाली बसली.

मी म्हटलं, "मामीला फोन लावून विचारू ना."

बाबा माझ्यावर खेकसले. "काय इचारशील? हायेत का गेले, असं इचारशील? लाज वाटू दे काही."

खरंच, काय विचारणार होते मी? ज्या घरात प्रेत पडलंय तिथं फोन करून 'जिवंत आहे का' असं विचारणारी बाई आमच्या सगळ्या जिल्ह्यात जन्मली नसेल. तरी मनाला कुठंतरी धागा हवा होता. आईच म्हणाली, "त्या मोबाइलात पाह्य." गावचा, नातेवाइकांचा असे दोन-तीन ग्रुप होते. मी नातेवाइकांचा उघडला. मामाचा फोटो होता. लग्नातला, फेट्यातला, चारी बाजूंनी झेंडूची फुलं लावलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मामीच्या भावाच्या पोरानं पुण्याहून टाकला होता. मी फोन आईपुढं धरला. तिनं फोटोवरून बोट फिरवलं, तसा तो मोठा झाला, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो शेवटच्या घरापर्यंत गेला असेल.

आता शंका कशाची? एक निरोप तोंडी, एक पडद्यावर. दोन साक्षीदार मिळाले, की कोर्टही मानतं.

त्यानंतर घरात कसली घाई उरली नाही, आणि हीच गोष्ट मला आजही गिळता येत नाही. आजारी माणसाकडे आम्ही उठलो त्या पावली धावलो असतो. पण मयतीला एकट्यादुकट्यानं जात नाहीत. पुसदची मावशी निघाली होती, तिच्यासाठी थांबायचं ठरलं. बहिणी आल्याशिवाय भावाला हलवणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा म्हणालेसुद्धा, "आपल्याशिवाय नेत नाहीत ते. सावकाश निघू." आईनं चुलीवरचं उतरवलं. सांबार निवडून ठेवलेला होता, तो तिनं शेजारणीला देऊन टाकला.

दुपारी चाचा आले. ते सकाळी लवकर आपली जीप घेऊन बोरीकडे कापूस पाहायला गेले होते आणि नुकतेच परतले होते. रडण्याचा आवाज ऐकून चपला न काढताच आत शिरले. बाबांनी सांगितलं, मामा गेला. चाचा दचकले.

"काय बोलता! मी सकाळी पाह्यलं त्याइले. बाजेवर बसून होते. दम लागून राह्यला होता, पण बोलत होते. मले म्हणे, बाईले पाठवून द्या."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि चाचांकडे इतक्या मायेनं पाहिलं, की ते पाहणं मला विसरता येत नाही. "लय भले हा तुमी, भाऊ," ती म्हणाली. "पन आमाले कयलं हाय आता. नका झाकू."

"भाभी, झाकत नाही मी. खुदा कसम. चला, बसा जीपमधी, आत्ताच्या आत्ता सोडतो."

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस अशा वेळी खोटं बोलतो, हे आम्ही आयुष्यभर पाहिलं होतं, आणि चाचा चांगलेच होते. ते जितकं शपथेवर सांगत होते तितके आम्हाला जास्त भले वाटत होते. शेवटी मी त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ धरला, खालचे जोडलेले हात पाहिले. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"मंग मी तिथून निघाल्यावर झालं असन," ते म्हणाले. "मायं पाहणं तं सकाळचं हाय."

इतकी वर्षं मोबाइलशी भांडणारा माणूस त्या एका दिवशी मोबाइलपुढं हरला, आणि नेमका त्या दिवशीच तो खरा होता.

मावशीची बस उशिरा आली. आम्ही चाचांच्याच जीपमधून निघालो. दारव्ह्याला बाबांनी गाडी थांबवायला लावली, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाबा गर्दीतून मोठा हार आणि पांढरं कापड घेऊन येईपर्यंत आम्ही जीपमध्ये बसून राहिलो. मावशीनं आईला पाणी पाजलं. बाहेर एक बाई मिरच्या विकत होती आणि तिच्या पोरीला शिव्या घालत होती. कोणालाच घाई नव्हती. मेलेला माणूस थांबतो. जिवंत थांबत नाही, पण तो हिशेब तेव्हा आमच्या डोक्यातच नव्हता.

बोरीला मामाच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. बाबा हार घेऊन पुढं झाले. मामीनं आईला पाहिलं आणि धावत येऊन तिच्या दोन्ही दंडांना धरून तिला गदागदा हलवलं.

"आत्ता आल्या काय वो बाई? आत्ता? दिवसभर वाट पाह्यली त्याइनं. यवतमायच्या दवाखान्यात न्याले गाडी दारात उभी होती. बसेच ना. बाई येऊ द्या, मंग चालतो, एकच घोकलं. पुन्हा फोन करू म्हटलं तं म्हणे, बाई निघाली असन. आत्ता गेले वो, आत्ता. हात गरम हाये अजून, पाहा."

आई आत गेली. मामाचा हात खरंच गरम होता, मीही धरून पाहिला. बाबा हार घेऊन ओसरीत तसेच उभे. कोणीतरी त्यांच्या हातातून तो घेतला आणि मामाला घातला. फुलं अगदी ताजी होती. हार वेळेवर पोचला, आम्ही तेवढे उशिरा.

नंतर सगळं हळूहळू उलगडलं. पुण्याच्या त्या पोरालाही आमच्यासारखाच फोन गेला होता, 'तब्येत बिघडली हाय, घाबराचं काही नाही.' त्यानं तो आमच्यासारखाच समजून घेतला आणि आपण मागं राहू नये म्हणून फोटो टाकला. म्हणजे आमच्याकडे दोन साक्षीदार नव्हतेच. नेटवर म्हणून जे पाहिलं ते तेच तोंडचं बोलणं होतं, कपडे बदलून आलेलं. आम्ही चाचांना दाखवल्यानंतर, दुपारी उशिरा, कोणीतरी झापलं म्हणून त्यानं फोटो काढून टाकला होता. पण त्यानंतर आमच्याकडे मोबाइल पुन्हा कोण उघडणार? संध्याकाळी त्यानं तोच फोटो, तीच फुलं पुन्हा टाकली, आणि ज्यांनी सकाळी हात जोडले होते त्यांनी पुन्हा जोडले. मला त्या पोराचा राग यावा असं फार वाटतं. येत नाही. निरोप देणारा शेजारी खरंच तेवढंच सांगत होता, हे कळल्यावर कोणाकोणावर रागवायचं?

चाचांनी "मी सांगतलं होतं" असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. एकदा ओट्यावर बसल्याबसल्या एवढंच बोलले, "भाभीले उचलून जीपमधी टाकाले पायजे होतं मी. माह्या डोयानं पाह्यलं होतं, अन् मीच मले खोटं ठरवलं."  त्या दिवसानंतर चाचा बोलत असताना बाबांनी मला मोबाइल पाहायला सांगितलं नाही.

आईनं सांबारवडी पुन्हा केली नाही. कोणी आग्रह केला की म्हणायची, "सांबार महाग हाय." भर हिवाळ्यात, बाजारात त्याचे ढीग पडलेले असताना.

काही वर्षांनी आईलाच यवतमाळच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना बोलावून घ्या. माझी मोठी बहीण नागपूरला. मी तिला फोन लावला. काय सांगायचं? "आईची तब्येत बिघडली आहे" हे वाक्य तर आमच्या घरातून बादच झालं होतं. मी म्हटलं, "आई जिवंत आहे. बोलते आहे. लगेच नीघ."

 पलीकडून ती रडत म्हणाली, "खरं सांग. माझ्यापासून झाकू नको. कधी गेली?"

मी ओरडले, शपथ घेतली, चाचांनी घेतली होती तशीच. ती आपली रडतच. माझ्याच बहिणीला मी भली वाटत होते.

आईनं खाटेवरून हात पुढं केला. मी फोन तिच्या कानाशी धरला. तिला दम लागत होता, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"मी हाव अजून," ती म्हणाली. "रडाचं मंग. पह्यले ये."

बहीण संध्याकाळी पोचली. आईनं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, हार नाही, काही नाही, आणि मान हलवली. मग भिंतीकडे तोंड करून ती मामासाठी रडली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आमच्यादेखत.