अण्णाचा वेगवान हात

स्पिरिटचा गार वास आणि त्याखाली ओल्या लोखंडासारखा दुसरा, रक्ताचा... सहा आठवड्यांपूर्वी वहिनींनी फोनवर “हे झोपेतच गेले” म्हणून सांगितलं, तेव्हा मला रडू आलं नाही. तो वास आला. बंगळूरला मल्लेश्वरमच्या शोकसभेत माझ्या सर्जन भावाच्या, अण्णाच्या, वेगवान हाताचे पोवाडे गायले गेले. हारांमधल्या मोगऱ्याच्या गुदमरत्या दरवळात मी ते ऐकून घेतले. तो वेग मी पाहिला होता.

बाबांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडू लागली, तेव्हा घरात डॉक्टर असताना वडिलांना परक्याच्या हाती देणं ही आमच्याकडे बेअब्रू ठरली. अण्णाने शस्त्रक्रिया स्वतःकडेच घेतली. त्याच्या हाताखालची बेळगावची शिकाऊ डॉक्टर माझ्यादेखत म्हणाली, “सर, स्वल्प थांबू की. आजोबांची ॲस्पिरिन बंद करू. त्या नव्या गोळ्या काही आठवडे दिल्या तर ग्रंथीतलं रक्त कमी वाहील.”

अण्णा हसला. त्याचं ते हसू ऐकणाऱ्याला पायपुसणं करून टाकी. “अगं बाई, वीस मिनिटांत खरवडून मोकळा होतो मी. रक्ताला वाहायला सवड तर मिळू दे!”

तिने तारीख लिहून घेतली. मी तिची बाजू घेतली नाही... घरचा देव रागावेल म्हणून.

वीस मिनिटंच लागली. बाबांच्या लघवीच्या नळीतलं पाणी दुसऱ्या दिवशी निवळायला हवं होतं. ते डाळिंबी राहिलं, मग बिटासारखं दाट, मग गुठळ्यांनी अडलेलं. बाबा क्षीण स्वरात विचारत, “रंग उतरला का गं?” मी “उतरतोय” म्हणे. रक्ताच्या बाटल्या चढत राहिल्या. चौथ्या दिवशी बाबा गेले. “वय झालं होतं,” अण्णाने भेटायला येणाऱ्यांना सांगितलं, कॉफीचा घोट घेत.

चार वर्षांनी त्याच दुखण्याने अण्णाला गाठलं. या वेळी घाई नव्हती. ॲस्पिरिन आधीच बंद, त्या गोळ्या तीन महिने वेळच्या वेळी, आणि शस्त्रक्रियेला बोलावलं तेही त्याच बेळगावच्या मुलीला. “सावकाश हं, डॉक्टर,” असं आर्जवून. त्याच संध्याकाळी त्याच्या पिशवीतलं पाणी तांदळाच्या धुवणाइतकं फिकट होतं.

मी उशाशी बसले होते. विचारलं, “बाबांच्या वेळी हे सगळं तुला ठाऊक होतं ना?”

त्याने होकाराची मान हलवली.

“मग स्वतःच्याच वेळी का रे आठवलं?”

त्या स्वच्छ पाण्याकडे तो समाधानाने पाहत राहिला. मग, लाजण्यासारखं त्यात काही नसावं अशा सहजपणे, म्हणाला, “भ्यालो.”