दोन्ही चाके रेषेपलीकडे

“कुठं लिहिलंय, दाखवा.”

हे म्हणताना ती उजव्या हाताचं बोट टेबलावर टेकवायची आणि तुमच्या तोंडाकडे बघत थांबायची. आवाज चढवायची नाही. आमच्या मंडळात आवाज चढवणारे पुष्कळ होते आणि त्यांना गप्प कसं करायचं हे आम्हाला पाठ होतं. हिचं काय करायचं ते कुणाला कळेना.

मी मुलुंडच्या एका क्रीडामंडळाचा सहचिटणीस होतो. दिवसा बँकेत कारकुनी, संध्याकाळी मंडळात. मराठी टाइपरायटर मला एकट्यालाच चालवता यायचा, म्हणून अर्ज, आमंत्रणं, नियमावली, सगळं माझ्या गळ्यात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. वार्षिक सायकल स्पर्धांमध्ये अध्यक्षांनी हौसेनं एक नवी शर्यत घातली, एकचाकी सायकलची, शंभर मीटर. पहिला येईल तो राज्य स्पर्धेला जाणार. नियम करायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं असेल? साध्या सायकलची नियमावली समोर ठेवली आणि जिथं ‘सायकल’ येईल तिथं आधी ‘एकचाकी’ घालत उतरवून काढली. अर्ध्या तासात काम फत्ते. त्या अर्ध्या तासाचा मला आजही राग येतो.

ती घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायची. वडील एकेकाळी एका सर्कशीत तंबू ठोकायच्या कामाला होते. लहानपणी त्यांच्या मागं मागं फिरताना ती तिथल्या मुलींबरोबर एकचाकी शिकली. पुढं वडिलांनी सर्कस सोडली, घर केलं, आणि मुलगी साकीनाक्याला बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दर सहा महिन्यांनी तिथं बायकांना घरी बसवायचे आणि आठवड्यानं नव्यानं कामावर घ्यायचे, म्हणजे कुणी कायम व्हायला नको. अशी सहा वर्षं झाली होती. मॅट्रिक पास होती. एका शाळेत खेळ घेणाऱ्या बाईची जागा निघणार होती, खेळाडूंसाठी राखीव. त्यासाठी राज्य स्पर्धेत उतरल्याचं प्रमाणपत्र हवं आणि वय तिशीच्या आत हवं. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिला अठ्ठाविसावं चालू होतं.

अर्ज घेऊन आली तेव्हा अध्यक्ष समोरच बसले होते. लाकडाच्या वखारीचे मालक, अंगानं आडवे, जिभेनं तिखट. अर्ज वाचून हसले.

“अहो बाई, खुला गट आहे हा. खुला म्हणजे पुरुषांचा.”

“कुठं लिहिलंय, दाखवा.”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी नियमावली उलटसुलट चाळली. नव्हतं लिहिलेलं. “घ्या अर्ज,” अध्यक्ष म्हणाले, “शंभर मीटर जाते का बघू तरी.” मला गंमत वाटली होती, खोटं कशाला बोलू.

स्पर्धेच्या दिवशी सुरू व्हायच्या रेषेवर सायकल तपासणी झाली. तपासणारे तिच्यापाशी येऊन थांबले. “घंटी कुठाय? ब्रेक कुठाय?” तिनं विचारलं, कुठं लिहिलंय. या वेळी लिहिलेलं होतं, नियम चौथा. साध्या सायकलीचा, माझ्याच हातानं उतरलेला. तिनं वाचला, मान हलवली आणि सायकल उचलून बाजूला झाली. एकचाकीला घंटी कुणी लावतं का? बाकीच्या पाच गड्यांच्या सायकलींनाही नव्हती. पण त्यांच्या सायकली तपासल्याच नाहीत. आमच्याच व्यायामशाळेतला एक पोरगा दोनदा पडत पडत पहिला आला.

दुसऱ्या वर्षी ती घंटी घेऊन आली. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून सीटच्या दांड्याला घंटी बसवून घेतली होती, खाली छोटासा ब्रेकही. आम्ही दरम्यान पोशाखाचा नियम घातला होता, हाफ पँट आणि गोल गळ्याचा बनियन. कशासाठी घातला ते तुम्हाला सांगायला नको. ती भावाची हाफ पँट सलवारीवरून आणि बनियन पूर्ण बाह्यांच्या शर्टावरून चढवून आली. आत काय घालू नये हे आम्ही लिहिलं नव्हतं. मैदान हसलं. ती हसली नाही, घंटी वाजवून दाखवली आणि रेषेवर उभी राहिली.

साठ मीटरपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. मी स्टॉपवॉच धरून उभा होतो, मला स्वच्छ दिसत होतं. व्यायामशाळेतला तोच पोरगा बाजूच्या पट्टीतून सरळ तिच्या पट्टीत घुसला. त्याचं पेडल तिच्या चाकात अडकलं. तिचा पाय जमिनीला लागला, आणि पाय लागला की बाद. तिचा गुडघा फुटला होता. तशीच लंगडत मांडवात आली.

“साहेब, त्यानं माझी पट्टी कापली.”

अध्यक्ष चहा पीत होते. कपातून तोंड न काढता म्हणाले, “कापू नये असं कुठं लिहिलंय, दाखवा.”

मांडवातले सगळे खो खो हसले. तिचंच वाक्य तिच्यावर उलटवलं ना. मीही हसलो. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

ती भांडली नाही. आठ दिवसांनी तिचा अर्ज आला, वळणदार अक्षरात, दोन पानी. स्पर्धकानं आपली पट्टी सोडू नये, सोडल्यास तोच बाद व्हावा, दुसऱ्यामुळे पडलेल्यास पुन्हा धावू द्यावं, असा नियम करावा ही विनंती. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. सांगतो तुम्हाला, आमच्या सगळ्या नियमावलीत अक्कल वापरून लिहिलेलं तेवढंच एक कलम होतं. समितीतले एक म्हातारे ड्रिलमास्तर हट्टाला पेटले म्हणून ते मंजूर झालं. मी टाइप केलं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे मी कामानिमित्त साकीनाक्याच्या रस्त्यानं चाललो होतो. तेव्हा तिथं सकाळी फारशी रहदारी नसायची. समोरून ती एकचाकीवर येताना दिसली. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, दोन्ही हात मोकळे. मागून आलेल्या बसच्या कंडक्टरनं घंटी मारली, तर हिनं सीटखालची मारली. मला बघून उतरली.

“रविवारीपण काम असतं का, ताई?”

“ओव्हरटाइम असतो, भाऊ. घरापासून कारखान्यापर्यंत असंच जाते मी. तेवढाच सराव.” मग म्हणाली, “शाळेत लागले ना, तर पोरींना आधी पडायला शिकवीन. पडायला आलं की भीती जाते. मग चाक एक असो नाहीतर दोन.”

एवढं ती माझ्याशी एरवी कधी बोलली नव्हती. चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, या वर्षी हिला कोण अडवतो बघूच. मनातल्या मनात मी फार शूर माणूस आहे.

तिसरं वर्ष. तिला तिसावं संपत आलेलं, दिवाळीत तीस पुरी होणार. घंटी होती, ब्रेक होता, बनियन होता. पट्टीचा नियम होता. सहा स्पर्धक सुटले आणि ती सरळ, एका लयीत, कुठंही न डगमगता शेवटच्या रेषेपार गेली. दुसरा तिच्या मागं किती होता म्हणाल तर ती उतरून सायकल हातात घेऊन वळली तेव्हा तो रेषेवर पोचत होता. ड्रिलमास्तर रेषेवर पंच होते. त्यांनी तिच्याकडे हात केला, “पहिली!” लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून.

अध्यक्षांनी ड्रिलमास्तरांना मांडवात बोलावलं. पाच मिनिटांनी मास्तर खाली मान घालून बाहेर आले, आणि अध्यक्ष हातात माझी नियमावली घेऊन. नियम सातव्यावर पेनानं रेघ मारलेली होती. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. “शर्यत पूर्ण करताना स्पर्धकाच्या एकचाकी सायकलची दोन्ही चाके रेषेपलीकडे गेलेली असावीत.”

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “अहो, एकचाकीला दुसरं चाक आणायचं कुठून?”

“ते मला विचारू नका. नियम म्हणजे नियम. शर्यत रद्द. राज्याला कुणाला पाठवायचं ते मंडळ ठरवेल.”

त्याच क्षणी मला माझा तो अर्धा तास आठवला. उतरवताना ‘दोन्ही चाके’ तशीच राहिली होती. तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या दोन विजेत्यांचीही चाकं एकेकच होती, त्यांची प्रमाणपत्रं मीच लिहिली होती.

तिनं कागद मागून घेतला. सातव्या नियमावर बोट ठेवलं. वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

“भाऊ, हे तुम्ही टाइप केलंय ना?”

“हो.”

“असंच लिहायचं होतं का तुम्हाला?”

तुम्हीच सांगा, याहून सोपा प्रश्न कुणी विचारू शकतं का? ‘नाही, चूक झाली’, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या वर्षाचं, तिच्या नोकरीचं सगळं त्या तीन शब्दांवर होतं आणि ते माझ्या तोंडात होते. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. ते माझी बँकेतली नोकरी काढू शकत नव्हते, घर काढू शकत नव्हते. फार तर संध्याकाळी जाऊन बसायला मला ते मंडळ राहिलं नसतं.

मी म्हणालो, “छापलंय ते छापलंय, ताई.”

तिनं कागदाची घडी केली, अध्यक्षांना परत दिली आणि सायकल घेऊन मैदानाबाहेर गेली. लिहिलेलं होतं ना. आम्ही दगाबाज निघालो तरी तिनं आपला नेम सोडला नाही. पुढच्या बैठकीत व्यायामशाळेतल्या पोराचं नाव राज्य स्पर्धेसाठी नक्की झालं. ठराव मी लिहिला.

महिन्याभरानं माझं मन खाऊ लागलं, तेव्हा मी मंडळाच्या छापील कागदावर तिच्या नावानं प्रमाणपत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि घाटकोपरला तिचं घर शोधत गेलो. तिनं बसायला दिलं, चहा दिला. प्रमाणपत्र वाचून विचारलं, “मंडळाच्या वहीत नोंद आहे का याची?”

“नाही. पण शाळेत कोण बघायला जातंय?”

“मग खोटं आहे हे, भाऊ.” परत केलं.

दारात बसलेली तिची आई मात्र बोलली. “एवढं शिकलात, शेरात नोकरी करता, आणि पोरीला चोरून द्यायला आलात होय? दिवसाउजेडी द्यायला काय झालं होतं?” मी प्रमाणपत्र खिशात घातलं आणि डोंगर उतरलो.

दिवाळी आली आणि गेली. त्यानंतर ती मंडळाकडे फिरकली नाही, साकीनाक्याच्या रस्त्यावरही मला दिसली नाही. शाळेतल्या त्या जागेवर कुणीतरी दुसरं लागलं.

पुढच्या वर्षी राज्याच्या संघटनेकडून कुणी पाहुणे येणार होते. आपलं हसं व्हायला नको म्हणून अध्यक्ष मला म्हणाले, “अरे, तो सातवा नियम जरा नीट करून घे रे.” मी ‘दोन्ही चाके’ काढून ‘चाक’ केलं. एका मिनिटाचं काम होतं.

सुधारलेली नियमावली सगळ्या जुन्या स्पर्धकांना टपालानं पाठवा, असा अध्यक्षांचा हुकूम झाला. यादीत तिचं नाव होतं. तिचा पत्ता मी माझ्या हातानं पाकिटावर लिहिला, तिकीट चिकटवलं आणि बाकीच्यांबरोबर पेटीत टाकलं. पाठवायला नको होतं एवढंसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही. तीन पाकिटं पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. तिचं आलं नाही. म्हणजे तिनं ते उघडलं असणार, आणि सातव्या नियमापर्यंत नीट वाचत गेली असणार.