न टाकलेली डहाळी

हे मी कोणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळही नाही — आणि हे तर त्या वाटेवर माझ्यासोबतच होते. बोलणं मला कधी जमलंच नाही. चौथीपर्यंत शिकले, म्हणून लिहिता तरी येतं.

माझी मोठी जाऊ. तिला आम्ही सगळे दीदी म्हणतो. लग्न होऊन मी गोंदियाकडून रायपूरच्या गुढियारीत आले, तेव्हा मला सडक ओलांडायचीही भीती वाटायची. दीदीनं हाताला धरून सगळं दाखवलं. ती पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांचे ब्लाउज शिवायची. अस्तराचं कापड आणायला एकटी पंडरीच्या कापडबाजारात जायची, दुकानदाराशी भांडून भाव पाडायची. मी मागे उभी राहून बघायची.

अशा बाईशी मी असं का वागले?

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, त्यानंतरचा हिवाळा. मालधक्क्यावर यांचं काम इतकं वाढलं की घरी येऊन जेवायचे आणि झोपायचे. दोन खोल्या, माणसांनी भरलेल्या. नवऱ्याशी दोन शब्द बोलायला आडोसा नव्हता. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

एका रविवारी आम्ही सगळे सिहाव्याकडच्या एका डोंगरावर देवीला गेलो. सालाच्या झाडांचं जंगल, पाचोळ्यानं मऊ झालेली वाट. इतकं शांत की स्वतःच्या बांगड्या ऐकू याव्या. भासरे, म्हणजे दीदीचे मालक, मुलांना घेऊन पुढे गेले. मधे आम्ही दोघं. दीदीच्या चपलेचा पट्टा तुटला, ती बांधत बसली.

"चाला तुम्ही समोर, मी आलीच. वाट फुटली का डहाळी टाकजो पण."

ही रीत तिनंच शिकवली होती. तिच्या माहेरच्या जंगलात असंच करतात — जिकडे जायचं नाही, त्या वाटेवर पुढच्यानं हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागचा ती वाट सोडून देतो. पहिल्या फाट्यावर मी टाकली. पुढच्याही फाट्यावर टाकली.

मग यांनी झाडावरचे आवळे तोडून माझ्या ओंजळीत टाकले. म्हणाले, "तू काही बोलतच नाहीस. काहून?" आणि मी बोलले. आईबद्दल बोलले, गावच्या तळ्याबद्दल बोलले. हे हसले. चालता चालता माझा हात धरला.

तेवढ्यात वाट पुन्हा फुटली. खालची वाट रुंद होती, कोणालाही तीच खरी वाटली असती. मी डहाळी तोडली. मागून दीदीची चप्पल फरफटल्याचा आवाज येत होता. ती आली की हा हात सुटणार —

विसरले का? नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. हे आपल्या बोलण्याच्या नादात होते. डहाळी मी हातातच ठेवली आणि पुढे जाऊन झुडपात सोडून दिली. वाटलं, थोडी चुकेल, परत येईल. तेवढी वाट मला हवी होती. फार सुंदर होती ती वाट — हेही खरंच लिहिते.

देवीपाशी पोचलो. दीदी आली नाही. मुलं रडायला लागली. भासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. त्यांच्यासमोरच यांनी विचारलं, "डहाळी टाकली होती ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

दोघं भाऊ शोधायला गेले. ऊन उतरताना दीदीला घेऊन आले. ती नाल्यापर्यंत उतरली होती. लाकडं तोडणाऱ्या एका बाईनं तिला वर वाटेपर्यंत आणून सोडलं होतं. लुगडं फाटलेलं, पाय ओरखडलेले, ओठ सुकलेले. भासरे म्हणाले, "डोळे घरी ठेवून आली होती काय वं?" मुलंही हसली.

दीदी म्हणाली, "मले दिसलीच नाही बाप्पा. पण शोभानं टाकली म्हणते, म्हणजे असंलच."

तेव्हा बोलता आलं असतं ना? जीपमध्ये ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

घरी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, डोळे छान आहेत. त्यावर तिनं मला हळूच विचारलं, "मग माह्या डोक्यातच काही झालं काय?" मी म्हटलं, "नाही दीदी." एवढंच म्हटलं. त्यानंतर ती एकटी पंडरीला गेली नाही. मग रेल्वे फाटकापलीकडे जाणंही सोडलं. आता अस्तर मी आणते. भाव पाडता येत नाही मला.

आजही ती भर उजेडात पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवते. मग सुई माझ्यापुढे धरते.

"पाह्य बरं शोभा, गेला का?"

"गेला, दीदी," मी म्हणते.

तेव्हा कुठे ती शिवायला लागते.