विझलेली लाट

थर्झा ट्रेव्हेना म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. बाप मासेमार, शाळेत असताना गणिताच्या मास्तरांशी भांडून फळ्यावरचं उत्तर बदलायला लावणारी पोर ती! काँप्युटर खोलीभर असायचे त्या काळात प्लिमथच्या समुद्र-प्रयोगशाळेत ती माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जाड मज्जातंतूचं गणित चालवायची. एका टोकाला धक्का दिला की विजेची लाट कशी पळते, मागचा भाग दम कसा खातो, पुन्हा कधी सावरतो, हे सगळं आकड्यांत.

विभागप्रमुख कार्ड्यूंना ही लाट डॉक्टरांच्या सभेत मिरवायची होती. म्हणून त्यांनी गणितात माणसाच्या रक्ताएवढी ऊब घालायला लावली. लाट जेमतेम उठली आणि वाटेतच विझली.

"गणित बिघडलंय तुमचं," कार्ड्यू म्हणाले. "सावरण्याचा वेग जरा कमी करा, पळेल."

"पळेल, पण खोटी पळेल! आकडे थंड समुद्रातल्या माकुळाचे आहेत, सर. एवढ्या उबेत तंतू सावरायची इतकी घाई करतो की लाट उठायच्या आतच दबते. ती विझायलाच हवी."

"परवा सभा आहे. जमत नसेल तर तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल."

"बसवा की! माझ्या नावावर हे खोटं जाणार नाही. खऱ्या माकुळालाच विचारू."

आता बोला! हातची नोकरी पणाला लावली बयेनं.

माकुळांचा हंगाम सरत आला होता. होडीनं एकच जिवंत माकूळ आणलं. कार्ड्यूंनी त्याचा तंतू सोडवून समुद्राच्या पाण्यात ठेवला. विजेच्या धक्क्यासरशी यंत्राच्या पडद्यावर रेघ उसळायची. थर्झानं पाणी तापवत नेलं. उसळी बुटकी झाली, मग गेलीच.

"मारलात!" कार्ड्यू ओरडले. "शेवटचं माकूळ उकडून काढलंत! मेलेला तंतू गप्पच असतो, त्यात सिद्ध काय झालं?"

म्हणणं खरं होतं त्यांचं. तंतू जिवंत राहून लाट नुसती दबली असेल तरच थर्झा जिंकणार होती. तिनं गार पाणी ओतलं, धक्का दिला. काही नाही. पुन्हा दिला. रेघ आडवी ती आडवीच.

"आवरा आता," म्हणत कार्ड्यूंनी यंत्र बंद करायला बटणाकडे हात नेला.

"हात लावाल तर बघा!" ती खेकसली. "दम खाऊ द्या त्याला!"

बऱ्याच वेळानं रेघ जराशी हलली. मग अर्धी उठली. मग पहिल्यासारखी ताठ उसळली.

कार्ड्यूंनी उगाच चष्मा पुसला. "बरं, बरं. सभेत थंड पाण्यातलीच पळती लाट दाखवू."

"नाही," थर्झा म्हणाली. "विझलेलीच दाखवायची. गणितानं ते आधीच सांगितलं होतं. आणि मी दाखवणार."